कोर्टाची पायरी आणि कायद्याचे विद्यार्थी

श्रोतेहो, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सर्वांनी घरात कधी ना कधी ऐकलेली आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तारखेमागून तारीख पडते, वकिलाची फी असते, जाण्यायेण्याचा खर्च असतो, बुडालेली मजुरी असते. आणि दोन हातांच्या बांधापायी शेवटी अख्खे शेत गहाण पडते. खेड्यापाड्यांत हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ही म्हण भांडायला जाणाऱ्यासाठी आहे. शिकायला जाणाऱ्यासाठी नाही. तीच पायरी शिकण्यासाठी चढणारी माणसेही आपल्याकडे फार जुन्या काळापासून होऊन गेली. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी इतिहास शिकवतो. मी वकील नव्हे. राहणार बदलापूरचा. तेव्हा कायद्याची कलमे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण कोर्टाची माझी पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही, ती बाबांचे बोट धरून झाली. ती गोष्ट आधी सांगतो.

मी अकरा वर्षांचा असेन. शेजाऱ्याने बांध कोरून दोन हात जमीन आपल्याकडे ओढली, असे बाबांचे म्हणणे होते. खालच्या कोर्टात ते हरले आणि त्यांनी अपील केले. अपिलाच्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले. “एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल,” म्हणाले. काय सांगायचे ते त्यांनी रात्रभर मनाशी घोकले होते. बांधावर आंब्याचे झाड कोणी लावले, नांगर कुठून वळत असे, सगळे. पुकारा झाला. दोन वकील उभे राहिले, कागद उलटले, न्यायाधीशांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासात काम आटोपले. बाबांना कोणी एक शब्द विचारला नाही. बाहेर आल्यावर ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, “अरे, मला उभंच केलं नाही रे. मग न्याय कसा व्हायचा?”

पुढे ते अपील फेटाळले गेले. ते का फेटाळले, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. या गोष्टीचा शेवट मी भाषणाच्या अखेरीला सांगेन. कारण बाबांचा तो प्रश्न साधा नव्हता. अपील म्हणजे काय, हे ज्याला कळले त्यालाच त्याचे उत्तर देता येते.

अपील म्हणजे काय? पहिल्या कोर्टात साक्षीदार येतात, शपथ घेतात, उलटतपासणी होते, कागद दाखल होऊन त्यांवर निशाणी पडते. तिथे ‘काय घडले’ याचा शोध असतो. त्या निकालाने ज्याचे समाधान झाले नाही, तो वरच्या कोर्टात जातो. तिथे सहसा साक्षीदार येत नाहीत. खाली जो पुरावा झाला तो बांधून वर जातो आणि त्यावरच बोलायचे असते. न्यायाधीशाने पुरावा नीट तोलला का? कायदा नीट लावला का? एक वकील म्हणतो, नाही. दुसरा म्हणतो, होय. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही पाहता येतात. दुसरे अपील उच्च न्यायालयात जाते, आणि तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ते ऐकले जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता पाहा. वर्गात आपण मुलाचे गणित तपासतो, तेव्हा केवळ उत्तर पाहत नाही, रीत पाहतो. अपिलाचे कोर्ट हे रीत तपासणारे कोर्ट आहे. म्हणूनच कायदा शिकणाऱ्यासाठी त्यासारखी शाळा नाही. तिथे आरडाओरडा नसतो, रडणे नसते. असते ते कारण आणि त्यावरचे प्रतिकारण. ‘तुम्ही असे कशावरून म्हणता?’ हा एकच प्रश्न तासभर निरनिराळ्या रूपांनी विचारला जातो.

ही रीत इंग्रजांनी आणली असे पुष्कळांना वाटते. आजची कोर्टे इंग्रजी अमदानीत उभी राहिली हे खरे. पण एकदा झालेला निवाडा पुन्हा तपासावा, हा विचार आपल्या मातीत जुना आहे. त्याचा एक धागा तर आमच्या अंबरनाथच्या अगदी जवळून जातो.

अंबरनाथचे शिवमंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडात उभे असलेले हे देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळचे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. या शिलाहार घराण्यात पुढे बाराव्या शतकात अपरादित्य नावाचा राजा झाला. त्याच्या नावावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील एक मोठी टीका आहे. ‘अपरार्क’ या नावाने पंडित तिला ओळखतात. कोकणात लिहिलेला हा ग्रंथ थेट काश्मीरपर्यंत गेला आणि तिथल्या पंडितांनी तो प्रमाण मानला. म्हणजे ज्या मुलखातून आज आपण लोकलगाडीने जातो, त्या मुलखाच्या राजाचे नाव न्यायशास्त्राच्या एका थोर ग्रंथाशी जोडलेले आहे.

या स्मृतीत न्यायाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खाली कुल, म्हणजे नातलगांची सभा. त्यावर श्रेणी, म्हणजे एकच धंदा करणाऱ्यांची सभा. त्यावर पूग, म्हणजे एका गावी राहणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या लोकांची सभा. त्यावर राजाने नेमलेले अधिकारी. टीकाकारांनी याचा अर्थ असा लावला, की कुलाच्या निवाड्याने समाधान झाले नाही तर श्रेणीकडे जावे, श्रेणीकडून पूगाकडे जावे. उलट मात्र जाता येणार नाही. अपिलाची शिडी म्हणतात ती हीच. शिवाय निवाडा चुकीचा झाला असे राजाला आढळले तर त्याने तो पुन्हा पाहावा, आणि जिंकलेला पक्ष व सभेतील सभ्य या दोघांनाही वादाच्या रकमेच्या दुप्पट दंड करावा, असेही तिथे आहे. आजच्या न्यायाधीशांना हा नियम लावला तर त्या खुर्चीवर कोणी बसेल की नाही, शंकाच आहे!

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. कात्यायन नावाच्या स्मृतिकाराने म्हटले आहे, की न्यायसभेत काही व्यापाऱ्यांना बसवावे, आणि त्यांचे काम काय, तर ऐकणे. त्यांना तो ‘श्रोते’ म्हणतो. निवाडा देणारे वेगळे, वाद घालणारे वेगळे, आणि ऐकणारे वेगळे. सभेत कोणी शहाणा माणूस ऐकत बसला आहे, एवढ्यानेच बोलणारा आणि निवाडा देणारा दोघेही सावध राहतात. मी आपल्याला मघापासून ‘श्रोतेहो’ म्हणतो आहे. हे नाव न्यायसभेतही मानाचे होते, हे आपण ध्यानात ठेवावे.

पण इतिहास सांगणाऱ्याने एकच बाजू सांगू नये. ही सभा सर्वांची नव्हती. स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना त्या सभेत बसून निवाडा देण्याचा मान नव्हता. वर्णाप्रमाणे शिक्षाही बदलत असे. शिडी होती, पण तिच्या पायऱ्या सर्वांच्या पायांसाठी केलेल्या नव्हत्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट इथूनच सुरू होते.

मराठेशाहीत गावोगाव गोतसभा भरत. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगर. निवाडा मान्य नसेल तर दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे वाद न्यावा, अशी मागणीही पक्षकार करीत. म्हणजे पाहणाऱ्यांच्या साक्षीने न्याय आणि न्यायाची पुन्हा तपासणी, या दोन्ही गोष्टी आपल्या गावांना अनोळखी नव्हत्या. मात्र न्याय ‘शिकवण्याची’ वेगळी शाळा नव्हती. जो पाहील तो शिकेल.

ती शाळा मुंबईत १८५५ साली सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेत कायद्याचे वर्ग भरू लागले. आजचे शासकीय विधी महाविद्यालय ते हेच. त्याच सुमारास आपल्या भागात आगगाडी आली. १८५३ साली ती बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला पोचली, आणि १८५६ साली कल्याणच्या पुढे बदलापूरच्या दिशेने खोपोलीपर्यंत धावू लागली. मग १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. जुने सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत, दोन्ही त्यात विलीन झाली. या न्यायालयाला दोन बाजू होत्या. मुंबई शहराचे दावे जिथे प्रथमच चालत ती मूळ बाजू. आणि ठाणे, रत्नागिरी, पुणे, नाशिक अशा जिल्ह्यांतून अपिले जिथे येत ती अपील बाजू. खेड्यातल्या माणसाचे भांडण मुंबईत पोचायचे ते या अपील बाजूने.

कायद्याचे वर्ग घेणारे पुष्कळ प्राध्यापक स्वतः न्यायालयात काम करणारे होते. शिकवणाऱ्याच्या अंगावर कोर्टाचा काळा कोट असे. कोकणातून आलेले पांडुरंग वामन काणे यांचेच उदाहरण घ्या. ते उच्च न्यायालयात वकिली करीत आणि काही वर्षे त्यांनी या महाविद्यालयात कायदा शिकवला. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी पाच खंडांत लिहिला. पहिला खंड १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली; आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. अपरार्काची टीका आणि उच्च न्यायालयातले अपील, या दोहोंची ओळख एकाच माणसाला कशी असू शकते, ते काण्यांकडे पाहून कळते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १ जून १९३५ रोजी या विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले. त्याआधी त्यांनी तिथे शिकवलेही होते. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली महाविद्यालयाच्या नियतकालिकात लेख लिहिला. पण विद्यार्थ्यांसाठी त्याहून मोठा धडा दुसरीकडेच चालू होता. ज्या काळात ते प्राचार्य होते, त्याच काळात त्यांचे स्वतःचे नाव प्रतिवादी म्हणून उच्च न्यायालयाच्या अपील बाजूवर होते. ते अपील होते महाडच्या चवदार तळ्याचे.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण शाळेत शिकवतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. इथपर्यंत मुलांना पाठ असते. पुढे दहा वर्षे जे चालले ते मात्र पुस्तकात एका ओळीत उरकते. ते असे.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा परिषद भरायची होती. त्याआधी १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे, हे तळे स्पृश्यांच्याच वापराचे आहे, अस्पृश्यांनी तिथे यायचे नाही ही जुनी रूढी आहे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने महाडला जमली होती. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या शिडीच्या पायऱ्या आपल्यासाठी नव्हत्या, तिचा तो निषेध होता. पण मनाई हुकूम मोडायचा नाही, असे बाबासाहेबांनी ठरवले आणि लोकांना तसे समजावले. जमलेल्या लोकांना तळ्यावर न नेता परत पाठवणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करा. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच कोर्टाने तो मनाई हुकूम उठवला.

मूळ दाव्याचा निकाल महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी दिला, आणि तो वादींच्या विरुद्ध गेला. वादींनी अपील केले. ते अपील कुठे चालले? आपल्या ठाण्याच्या कोर्टात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला जिल्ह्याचे कोर्ट म्हणजे ठाणे; त्या ठाण्यात ३० जानेवारी १९३३ रोजी चवदार तळ्याच्या अपिलाचा निकाल लागला, आणि अपील फेटाळले गेले. वादी तिथेही थांबले नाहीत. ते उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी तेही अपील फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींचा खटला ज्यांच्यापुढे चालला तेच. पाणी घेतल्या दिवसापासून दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

निकालाचा गाभा काय? वादी म्हणत होते, ही रूढी अनादि काळापासूनची आहे. न्यायालयाने म्हटले, ते सिद्ध झालेले नाही. बस. इतके कोरडे वाक्य. पण या कोरड्या वाक्यात कायद्याच्या विद्यार्थ्याला किती शिकायला मिळते ते पाहा. पहिला धडा असा, की तात्पुरता हुकूम म्हणजे निकाल नव्हे. ज्या कोर्टाने तो दिला त्यानेच सव्वादोन महिन्यांत तो उठवला. दुसरा धडा, जो रूढी आहे म्हणतो त्यानेच ती सिद्ध करायची. ‘आमच्या आजापासून असेच आहे’ एवढे म्हणून भागत नाही. पुष्कळ दिवस एखाद्या माणसाला पाण्यावर येऊ दिले नाही, म्हणून ती रीत अनादि ठरते का? तुमच्या गावातल्या एखाद्या रीतीला हा प्रश्न लावून पाहा म्हणजे तो किती धारदार आहे ते कळेल.

आणि तिसरा धडा सर्वांत अवघड. ज्यांचे म्हणणे आज आपल्याला ऐकवतही नाही, त्या वादींनाही तीन कोर्टांनी ऐकून घेतले. त्यांनाही वकील होता, त्यांच्याही कागदांवर निशाणी पडली, त्यांनाही दोनदा अपिलाचा हक्क मिळाला. म्हणूनच शेवटी जो निकाल लागला त्याला कोणी ‘आम्हाला बोलूच दिले नाही’ असे म्हणू शकले नाही. हरणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकल्यावर लागलेला निकाल पक्का असतो. विधी महाविद्यालयाचा प्राचार्य स्वतः प्रतिवादी म्हणून दहा वर्षे ही वाट चालतो, हुकूम विरुद्ध गेला तेव्हाही तो पाळतो, आणि शेवटी कायद्याच्याच शब्दांत जिंकतो, यापेक्षा मोठा वस्तुपाठ कोणत्या वर्गात मिळणार?

त्यानंतर बारा वर्षांनी आमच्या भागाचे रूपच पालटले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ही माणसे घरदार मागे टाकून आलेली. मागे राहिलेल्या मिळकतीचा दावा नोंदवायचा तर कागद हवेत, आणि कागद बहुतेकांनी कराचीत नाहीतर शिकारपुरात सोडलेले. निर्वासितांच्या भरपाईसाठी १९५४ साली कायदा झाला, त्यात अधिकाऱ्याच्या निर्णयावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करण्याची सोय होती. त्यामुळे ‘अपील’ हा शब्द उल्हासनगरात फार लवकर घरगुती झाला. पुढे त्याच शहरात कायद्याचे महाविद्यालयही निघाले. बदलापूर-अंबरनाथच्या मुलामुलींना कायदा शिकायला आता मुंबई गाठावीच लागते असे नाही.

पण वर्ग जवळ आला तरी कोर्ट जवळ आले का? वकिलांच्या अखिल भारतीय परिषदेच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे कायद्याच्या विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले कोर्टात बसून पाहायचे असतात आणि त्यांची वही ठेवायची असते. त्याला ३० गुण आहेत. नियम उत्तम आहे. पण आमच्या आळीतला कायदा शिकणारा एक मुलगा मला एकदा म्हणाला, “सर, मागच्या बाकावर काही ऐकूच येत नाही. पुकारा होतो, दोघे पुढे जातात, काहीतरी बोलतात, पुढची तारीख पडते. मग आम्ही मागच्या वर्षीच्या मुलाची वही उतरवून काढतो.” त्याला दोष देऊन काय उपयोग? गर्दीच्या खोलीत, गाडीच्या वेळेकडे डोळा ठेवून बसलेल्या मुलाला खटल्याचा धागा सापडत नाही. शिवाय हे पाहणे खालच्या कोर्टाचे. वरच्या कोर्टातले युक्तिवाद ऐकण्याची सोय त्या नियमात नाही. त्यासाठी वर्गात लटके कोर्ट भरवतात, त्याला मूट कोर्ट म्हणतात. तिथे अपील कल्पनेतले, न्यायाधीश म्हणजे आपलेच सर.

अमेरिकेत याला एक उपाय काढलेला आहे. तिथली काही अपील न्यायालये अधूनमधून स्वतःच उठून विधी महाविद्यालयात येतात. सभागृहात व्यासपीठावर न्यायाधीश बसतात, खरे वकील खऱ्या अपिलावर बोलतात, आणि समोर विद्यार्थी ऐकतात. लुटुपुटूचे काही नाही. पक्षकाराचे नशीब खरोखरच पणाला लागलेले असते.

आपल्याकडे ही गोष्ट निराळ्या वाटेने घडली, आणि ती घडवायला एक विद्यार्थीच कारण झाला. सर्वोच्च न्यायालयात सोमवारी आणि शुक्रवारी नव्या प्रकरणांची गर्दी असते. त्या दिवशी उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना न्यायकक्षात जाऊ देत नसत. स्वप्निल त्रिपाठी हे त्या वेळी जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकत होते. त्यांनी या मनाईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातच अर्ज केला. विद्यार्थ्याला कोर्ट पाहू द्या, एवढी साधी मागणी. तिच्याबरोबर थेट प्रक्षेपणाच्या मागणीचाही विचार झाला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की महत्त्वाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण व्हावे. त्यांत न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती चंद्रचूड हे दोघे आपल्या महाराष्ट्राचे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढची कामे घरबसल्या दिसू लागली. त्या वेळचे सरन्यायाधीश उदय उमेश ललित हे मुंबईच्या त्याच शासकीय विधी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. आणि पहिल्याच दिवशी जी कामे दिसली त्यांत महाराष्ट्राच्या सत्तेचा वादही होता. आमच्याकडे चहाच्या टपरीवरही लोक ‘दहावे परिशिष्ट’ म्हणजे काय, ते एकमेकांना विचारू लागले होते.

तेव्हा आता कोर्ट आपल्या शाळेत येऊ शकते. उल्हासनगरच्या महाविद्यालयातल्या भिंतीवर किंवा एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पडद्यावर देशाच्या सर्वांत मोठ्या कोर्टातला युक्तिवाद ऐकता येतो. कोर्टेही थोडी जवळ येत आहेत. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून काम करू लागले. दिवाणी कोर्टाचे दार तर कायद्यानेच सर्वसाधारणपणे लोकांना खुले आहे. जागा असेल तितक्या लोकांनी आत बसून ऐकावे, न्यायाधीशांनी काही कारणाने मनाई केली तर बाहेर थांबावे.

पण एक सावधगिरी हवी. पडद्यावर दिसणाऱ्या चार तासांतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून लोक एकमेकांना पाठवतात. न्यायाधीश वकिलाला काहीतरी टोचून बोलले, तेवढेच. हे म्हणजे भारूड न ऐकता केवळ सोंगाड्याची उडी पाहण्यासारखे. न्यायाधीशाचा प्रश्न म्हणजे त्याचा निकाल नव्हे. पुष्कळदा ज्या बाजूचे म्हणणे त्याला पटत असते तिलाच तो अधिक छेडतो. म्हणून ऐकायचे तर एका बैठकीत पुरते ऐकावे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातून एक दिवस वरच्या वर्गातील मुलांना असा एक युक्तिवाद एक तासभर ऐकवावा. भाषा इंग्रजी असते, ही अडचण खरी; म्हणून आधी स्वतः प्रकरण समजून घेऊन मराठीत दहा वाक्यांत सांगावे. मग मुलांना तीनच प्रश्न द्यावेत. खालच्या कोर्टाने काय ठरवले होते? अपील करणारा त्यात कोणती चूक दाखवतो आहे? आणि दुसरी बाजू त्याला काय उत्तर देते? निकाल काय लागावा, हे विचारूच नये. दोन्ही बाजू आपल्या शब्दांत सांगता आल्या की धडा झाला. इंग्रजी जमणार नसेल तर चवदार तळ्याचेच अपील वर्गात मांडावे. अर्ध्या वर्गाने वादींच्या बाजूने बोलावे, अर्ध्याने प्रतिवादींच्या. नावडत्या बाजूने बोलायला मिळालेली मुले आधी कुरकुरतील. पण ‘हे सिद्ध कसे करणार?’ या प्रश्नापाशी अडखळली, की सर्वांत जास्त तीच शिकतील.

आता बाबांची राहिलेली गोष्ट. पुष्कळ वर्षांनी घराची डागडुजी करताना ट्रंकेत त्या अपिलाच्या निकालाची नक्कल सापडली. मी ती बाबांपुढे बसून मोठ्याने वाचली. सरकारी मोजणीचा नकाशा बाबांकडे होता. पण तो खालच्या कोर्टात दाखलच झाला नव्हता. अपिलात तो पुढे केला, आणि न्यायाधीशांनी लिहिले होते, की तेव्हाच का दिला नाही याचे कारण दाखवल्याशिवाय आता नवा कागद घेता येणार नाही. मी बाबांना ते मराठीत समजावले. अपिलात तुम्हाला उभे करायचेच नसते. तुमचे बोलणे खाली होऊन गेले होते. नकाशा मात्र खालीच द्यायला हवा होता.

बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्यावर अन्याय नव्हता झाला. माझी चूक झाली होती. हे त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर इतकी वर्षं मी त्या माणसाशी अबोला धरला नसता.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत बांधापर्यंत गेले. पलीकडे शेजारी नव्हता. तो केव्हाच वारला होता. त्याचा मुलगा होता. त्याने बाबांना बसायला घोंगडी टाकली.

श्रोतेहो, कोर्टात हरणे कोणाच्याही वाट्याला येते. पण आपण का हरलो, हे न कळणे वाईट. प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत असा एखादा माणूस हवा, की ज्याने कोर्ट पाहिले आहे, युक्तिवाद ऐकला आहे, आणि जो शेजाऱ्याला ‘हे असे का झाले’ ते साध्या भाषेत सांगू शकतो. तो वकीलच असला पाहिजे असे नाही. कात्यायनाने सभेत बसवलेला तो श्रोता असला तरी पुरे. भांडायला कोर्टाची पायरी चढू नये, हे खरेच. पण ऐकायला जरूर चढावी.